थेरपीचा खर्च आणि मदतीची वाट



शस्त्रक्रियेसाठी हाक दिली की समाज धावून येतो, कारण तो खर्च एकदाच होतो. परंतु स्वमग्न वा मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकाची वाचोपचार, फिजिओथेरपी वर्षानुवर्षे चालते. आपल्या धंतोलीत दवाखाने दाराशी आहेत. अडचण आहे ती दर आठवड्याच्या पैशांची.

मदतीचे पहिले दार म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. लोक काय म्हणतील, या भीतीने अनेक पालक ते काढीत नाहीत. त्याच्या आधारे राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळते. थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेपर्यंत त्यात येतो. आयकराच्या जुन्या प्रणालीत अशा अवलंबितासाठी ७५,००० रुपये, तीव्र दिव्यांगत्वास १,२५,००० रुपये वजावट आहे. तसेच २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात.

तरीही काही खर्च उरतोच. म्हणून माझी नम्र विनंती अशी, की सधन कुटुंबांनी एकेका बालकाच्या वर्षभराच्या थेरपीचा भार उचलावा आणि सुशिक्षित तरुणांनी पालकांना अर्ज भरण्यास साहाय्य करावे. लग्नसराईत न खपलेले कापड आम्ही दिवाळीत विकतो. बालकाची उपचाराविना गेलेली वर्षे मात्र परत येत नाहीत.