उपवास, भोवळ आणि वैद्यांचे साहाय्य



आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाविषयी इतर वक्ते बोलतीलच. मला बोलावयाचे आहे ते एका निराळ्या विषयावर. मिस्सा चालू असता एखादी तरुण मुलगी भोवळ येऊन खाली बसते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणी पाणी शिंपडते, कोणी "उपाशी असेल" म्हणते आणि उपासना पुढे चालू राहते. पुष्कळदा कारण खरोखर तेवढेच असते.

परंतु काही वर्षांमागे एक मुलगी तीन महिन्यांत चार वेळा अशी पडली. रक्तदाब ८०/५० भरला. "वयच तसे आहे" असे म्हणून एका दवाखान्यात सलाईन लावण्यात आले. दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. वर्ण काळवंडत चालला होता, तो शेतातील उन्हाने, असे घरचे समजले. मीठ फार खाते म्हणून आई तिच्यावर रागावे. आणि मी, सांगावयास लाज वाटते, तिला नोव्हेना करावयास सांगून मोकळा झालो.

अखेर मामांनी हट्टाने तिला अकोल्यास नेले. तेथे तिचा रक्तदाब निजवून व नंतर उभे करून, असा दोनदा मोजला. उभे राहताच वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला तर ती दखल घेण्याजोगी खूण होय. रक्ततपासणीअंती कळले की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील लहान ग्रंथी निकामी होत आहेत. लंडनचे डॉक्टर थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेला हा रोग. आपल्या देशात क्षयामुळेही तो जडतो. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, पण मनुष्य कामकाज करतो, संसार करतो. उपचार नसता साधा ताप किंवा हगवणही जिवावर बेतू शकते.

आता, प्रत्येक कमी रक्तदाब असा नसतो. सडपातळ तरुणांत तो ९०/६० च्या आसपास असून त्रास मुळीच नसेल, तर चिंतेचे कारण नाही. कित्येकदा दोष असतो तो पाणी कमी पडण्याचा किंवा रक्त कमी असण्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

उपवासाचे म्हणाल, तर ख्रिस्तप्रसादापूर्वीचा उपवास १९६४ पासून एकाच तासाचा आहे आणि आजाऱ्यांना तोही लागू नाही. संत पौलाने वारंवार आजारी पडणाऱ्या तरुण तिमथीस नुसते पाणी न पिता थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले; अधिक उपास करण्यास नव्हे. रक्ताचा दाब प्रथम मोजून १७३३ साली प्रसिद्ध करणारे स्टीफन हेल्स हेही धर्मोपदेशकच होते. आपल्या पंथाचे नव्हते, एवढेच!

तेव्हा मुलाला वा मुलीला दुसऱ्यांदा भोवळ आली की वहीत तारीख, वेळ, काय खाल्ले आणि निजता-उभ्याचे आकडे टिपून ठेवा. एका डॉक्टरांच्या उपचाराने गुण न आल्यास ती वही घेऊन मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. मागण्यात त्यांचा अपमान नाही. गाडीभाड्याची अडचण असेल त्यांनी रविवारी मिस्सेनंतर मला भेटावे.