कृष्णेचे भरवशाचे पाणी



महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णामाई सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून पूर्वसागरास मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर धुवांधार पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावचे माळरान टँकरची वाट पाहत उभे, असे या खोऱ्याचे रूप आहे. अशा नदीचे पाणी राज्याराज्यांत वाटायचे, तर आधी ते किती हे ठरवावे लागते आणि खरा वाद तेथेच सुरू होतो.

नदी दरवर्षी सारखी वाहत नाही. ज्याच्या घरचे उत्पन्न पिकावर अवलंबून आहे, असा सुज्ञ गृहस्थ सुगीच्या वर्षाकडे पाहून कर्जाचे हप्ते ठरवीत नाही. तोच विचार येथे. १९६९ साली नेमलेल्या न्यायमूर्ती बच्छावत लवादापुढे विजयवाड्याच्या जुन्या बंधाऱ्यावरील प्रवाहाच्या नोंदी होत्या. मात्र तेथे मोजले जाई ते वरच्या भागात वापरून उरलेले पाणी. म्हणून वरच्या धरणांनी व कालव्यांनी उचललेले पाणी त्यात मिळवून प्रत्येक वर्षाचा मूळ येवा काढावा लागतो. ही बेरीज चुकली, की पुढचे सारे चुकते. १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांचे आकडे उतरत्या क्रमाने मांडले आणि शंभरातील ७५ वर्षी तरी जेवढे पाणी खात्रीने मिळेल, तो आकडा २,०६० टीएमसी निघाला. (एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर.) त्यातून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० टीएमसी मिळाले. शेतातून पाझरून पुन्हा नदीत येणाऱ्या पाण्याचे ७० टीएमसी वेगळे धरले गेले. त्यात महाराष्ट्राचा वाटा २५ होता. हा निवाडा १९७६ च्या मे महिन्यात राजपत्रात आला.

उरलेल्या २५ वर्षांतील तुटीचा भार कोणी वाहावा? वरची राज्ये आधी धरणे भरून घेतात. तूट खाली सरकत जाते. म्हणूनच चांगल्या वर्षीचे अधिक पाणी वापरण्याची मुभा आंध्रास मिळाली, मात्र त्यावर हक्क सांगता येणार नाही, या अटीवर. ही तडजोड शहाणपणाची होती, असेच म्हणावे लागते.

२००४ साली नेमलेल्या न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांचे आकडे घेतले आणि विश्वासार्हता ६५ टक्क्यांवर आणली. येवा २,२९३ टीएमसी झाला, सरासरी २,५७८. डिसेंबर २०१० च्या निर्णयात सरासरीपर्यंतचे सारे पाणी वाटले गेले: महाराष्ट्रास ६६६, कर्नाटकास ९११, आंध्रास १,००१. महाराष्ट्राला ८१ टीएमसी वाढ मिळाली, याचा आनंद स्वाभाविक आहे. पण ६५ टक्के म्हणजे शंभरातील ३५ वर्षी तो आकडा न गाठणारी नदी, हेही विसरता येत नाही. सरासरीच्या पाण्याचा भरवसा तर त्याहून कमी. आभाळातून एक थेंबही अधिक पडला नाही. बदलली ती मुख्यतः जोखीम पत्करण्याची तयारी. लवादाने श्रीशैलम व नागार्जुनसागरात पुढील वर्षासाठी १५० टीएमसी साठा राखण्याची तरतूद केली, ती याच जाणिवेने.

आणखी एक गोष्ट घराजवळची आहे. बच्छावत निवाड्यात भूगर्भातील पाण्याचा वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून मोजला जात नाही. भीमा खोऱ्यात उसासाठी विहिरी व बोअर खोल खोल गेले, ओढे आटले. कागदावर ते पाणी कोणाच्याच खाती पडत नाही, नदीला मात्र ते कमी पडते. ज्या आकड्यांवर वाटणी उभी आहे, त्यांनाच ही वाळवी आहे.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने नवा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास स्थगिती दिली. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले आणि आंध्रचा वाटा दोघांत कसा विभागावा, हा प्रश्न ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने त्याच लवादाकडे सोपविला.