परभाषेच्या धड्याची पारख

महाराष्ट्रांतील सेमी-इंग्रजी शाळांत गणित व विज्ञान इंग्रजींतून आणि इतर बहुतेक विषय मराठींतून शिकवितात. तेथें विज्ञानाचा तास हाच परभाषेचाही तास होतो. मुलानें उत्तर दिलें नाहीं, तर त्यास विषय कळला नाहीं कीं वाक्य कळलें नाहीं, हें शिक्षकानें कसें ओळखावें? हा निवाडा चुकला, तर शहाण्या मुलाच्या कपाळीं 'ढ' हा शिक्का बसतो. म्हणून वर्गांत जाण्यापूर्वीं धड्याची पारख करणें अवश्य आहे.

पारख म्हणजे कठिण शब्दांखालीं रेघा ओढणें, असा आमच्या धंद्यांत जुना समज आहे. मायकेल वेस्ट यांनीं १९५३ सालीं सुमारें २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ती उपयुक्त खरी. पण विज्ञानांत घोडें अडतें तें निराळ्याच ठिकाणीं.

पावसाचा धडा घ्या. महाबळेश्वरास वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि रस्त्यानें सुमारें ३२ किलोमीटरांवरील वाईस त्याचा लहानसा अंशच येतो, हें साताऱ्याकडील मूल जाणतें. 'कंडेन्सेशन' हा शब्द लांबलचक खरा. पण गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून जमलेले थेंब दाखविले, कीं तो मनांत बसतो. घात करतो तो 'अ‍ॅज' हा दोन इंग्रजी अक्षरांचा शब्द! 'अ‍ॅज द एअर राइजेस, इट कूल्स' येथें त्याचा अर्थ 'जसजशी'. दुसऱ्या ओळींत तोच 'कारण' होऊन बसतो.

तसेंच 'क्लाउड्स फॉर्म बिकॉज द एअर कूल्स'. मराठींत आपण बहुधा कारण आधीं सांगतों व 'म्हणून' जोडून कार्य मागाहून. मूल त्याच संवयीनें वाचतें आणि ढग आधीं, गारवा मागून, असें समजतें. पुढें 'द कूलिंग ऑफ एअर' असें क्रियापदाचें नाम झालें, कीं काय घडलें हेंच त्याच्या नजरेआड होतें.

अशीं वाक्यें गाळूं नयेत. वरच्या इयत्तांत तींच भेटणार. घटनाक्रम आधीं मराठींत बोलून घ्यावा, फळ्यावर बाणांनीं मांडावा, मग त्या बाणांवर इंग्रजी वाक्य बसवावें. परीक्षेंतही प्रथम चित्र काढावयास सांगावें. चित्र बरोबर व वाक्य चूक, तर उणीव भाषेची. तेवढें वाक्य पुन्हा घ्यावें. चित्रच चुकलें असेल, तर पेला घेऊन पुन्हा आरंभ करावा.