वयाची अट आणि न्याय



साथीच्या काळात शासनाने केवळ वय पाहून नियम करावेत काय, हा प्रश्न आजच्या स्मृतिदिनी आपणापुढे मांडतो.

मे २०२० मध्ये केंद्र शासनाने ६५ वर्षांवरील व्यक्तींना, अत्यावश्यक गरजा व औषधोपचार वगळता, घरीच राहण्याचा आदेश दिला. करोनाने मृत्यू ओढवण्याचा धोका वयाबरोबर वाढत होता. म्हणून त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सद्हेतूने केलेला नियमही न्याय्य असतोच असे नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने चित्रीकरणास परवानगी दिली आणि ६५ वर्षांवरील कलावंत व कर्मचाऱ्यांना तेथे मज्जाव केला. ७० वर्षांच्या एका अभिनेत्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती काथावाला व छागला यांच्या खंडपीठाने ती अट रद्द केली. त्याच वयाच्या दुकानदारास दुकान उघडण्याची मुभा होती. मग कलावंतानेच उपजीविकेस का मुकावे, याचे समाधानकारक उत्तर शासनापाशी नव्हते.

पुढे १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील नागरिकांना लसीकरणात अग्रक्रम मिळाला. निकष पुन्हा वयाचाच होता. तरुणांना थांबावे लागले, पण त्यांचा हक्क नाहीसा झाला नाही. १ मे रोजी १८ वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली. संरक्षण देताना वयासारखा ढोबळ निकष क्षम्य ठरतो. रोजगार हिरावून घेताना मात्र त्या माणसाचे काम, त्याची गरज आणि त्याची संमती विचारात घ्यावीच लागते.

आपल्या गोडादऱ्याकडे पाहा. खानदेशातून येऊन यंत्रमागांवर आणि कापड बाजारात राबणाऱ्या कित्येक कुटुंबांत तीन पिढ्या एकाच खोलीत राहतात. आजोबांनी उंबरठा ओलांडला नाही, तरी पाळी संपवून मुलगा त्याच खोलीत परततो. ‘घरी राहा’ या आज्ञेने वृद्धाची मिळकत थांबते. त्याचा धोका पुरता टळत नाही. वेगळी खोली असणाऱ्यांसाठीच जणू ती आज्ञा लिहिली गेली होती.

वडीलधाऱ्यांना जपणे हा आपला संस्कार आहे. परंतु जपण्याच्या नावाखाली त्यांच्या वतीने निर्णय घेऊन टाकणे, हा त्यांचा आदर नव्हे. पुढची साथ येईल तेव्हा नियम करणाऱ्यांनी वृद्धांना आधी विचारावे, आणि ज्याची कमाई थांबवायची त्याच्या चुलीची सोय आधी लावावी, एवढे नम्रपणे सुचवून मी आपली रजा घेतो.