फेसावर जाऊ नका, कागद मागा



कपाशीच्या पानावर फवारणीचं पाणी थेंब होऊन घरंगळतं, म्हणून आपण पंपात स्टिकर टाकतो. आता ‘जैविक’ म्हणूनही स्टिकर विकतात. बाटली हलवायची, फेस आला की माल चोख, असं आपण धरतो. हा हिशेब चुकीचा आहे.

जैविक स्टिकर बनूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या भावकीत स्टार्मरेला बॉम्बिकोला नावाचं यीस्ट आहे. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 1970 साली बंबलबी या केसाळ माशीच्या मधातून ते नोंदवलं. त्याला साखर आणि तेल खाऊ घातलं की ते सोफोरोलिपिड बनवतं. त्याच्या एका अंगाला साखरेच्या दोन कड्या, दुसऱ्या अंगाला तेलाची शेपटी. साखरेचं अंग पाण्याला धरतं, शेपटी तेला-मेणाला. म्हणून थेंब पानावर पसरतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही डॉ. अस्मिता प्रभुणे यांच्या गटानं यावर काम केलं आहे.

गोम पुढे आहे. याची मुख्य रूपं दोन. एकात शेपटी मोकळी, दुसऱ्यात ती वळून साखरेला जोडलेली. मोकळं रूप पाण्यात चांगलं विरघळतं, फेसही जास्त देतं. पण बुरशी आणि जिवाणूंना रोखण्यात बहुधा जोडलेलं रूप सरस. म्हणजे फेस जास्त तिथे गुण जास्त, असं नाही.

मग ओळखायचं कसं? सूक्ष्मदर्शकात यीस्टची पेशी दिसते, टाकीत दुसरे जिवाणू घुसले का ते दिसतं, औषधानं बुरशीच्या धाग्याचं काय झालं तेही दिसतं. पण साध्या सूक्ष्मदर्शकात रेणू दिसत नाही. त्यासाठी वर्णपट काढतात. अवरक्त किरण सोडले की रेणूतला प्रत्येक प्रकारचा जोड आपापले किरण शोषतो, त्यावरून जोड कळतात. दुसरं यंत्र रेणूचं वस्तुमानच मोजतं. नेहमी आढळणारं जोडलेलं रूप भरतं 688, तेच मोकळं असलं तर 706. फरक 18 चा, म्हणजे पाण्याच्या एका रेणूचा. शेपटी जोडताना तेवढं पाणी बाहेर पडतं.

ही यंत्रं आपल्या घरी येणार नाहीत, यायची गरजही नाही. बनवणाऱ्यानं तपासावं आणि बाटलीत कोणतं रूप किती, ते लिहून द्यावं. आपला कापूस बाजारात गेला की ओलावा मोजून भाव कापतात. आपला माल मोजून घेता, मग तुमचाही मोजून द्या, एवढंच मागणं आहे. पुढच्या खेपेला दुकानात बाटली हलवू नका. तपासणीचा कागद मागा.