धक्का, ओसर आणि तडा

(शताब्दी व्याख्यानमालेत किलवणी येथे दिलेले व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीत गणितावर बोलणे काहीसे धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय आपल्या दाराशीच येऊन उभा राहिला आहे. नोव्हेंबर २०१८ पासून शेजारच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि धुंदलवाडीचे नाव सर्वतोमुखी झाले. धक्का क्षणाचा; मग घर किती वेळ हलते, आणि पुढचा धक्का आला तर काय होते? याचे उत्तर दुसऱ्या क्रमाच्या अवकल समीकरणात आहे.

झोपाळा डोळ्यांपुढे आणा. त्याचे जडत्व प्रवेगाशी निगडित, घर्षणाचा विरोध वेगाशी, आणि मूळ जागी परतण्याची ओढ विस्थापनाशी. या तिघांची बेरीज म्हणजे बाहेरून आलेले बल. प्रवेग हा स्थितीतील बदलाच्या दराचा दर, म्हणून समीकरण दुसऱ्या क्रमाचे. मधल्या पदाला अवमंदन म्हणतात. आंदोलनाला ओसर लागतो तो त्याच्यामुळे.

आकस्मिक आवेग वस्तूची जागा तत्क्षणी बदलत नाही. बदलतो तो वेग. पुढचे सारे ओसरणे असते. ज्या अवमंदनाने वस्तू हेलकावे न घेता परत येते, त्याच्या ५ टक्के अवमंदन इमारतींच्या आराखड्यात सामान्यतः धरतात. तेवढ्यानेही दहा हेलकाव्यांनंतर विस्ताराचा विसावा भागसुद्धा उरत नाही. अवमंदन २ टक्के असेल, तर मात्र चौथ्या हिश्शाहून अधिक आंदोलन शिल्लक राहते. तशात हेलकाव्याच्या तालावर दुसरा धक्का आला, तर दोहोंची बेरीज होते. भूकंप म्हणजे अशा असंख्य आवेगांची माळच होय.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ही माळ सुमारे १०३ मीटर उंचीच्या धरणावर आदळली. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणातील यंत्राने टिपलेली प्रवेगाची नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. धरण उभे राहिले. पण जेथे त्याच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, त्या पातळीजवळ आडवे तडे गेले. नंतर तेथे आधारभिंती बांधून धरण बळकट करण्यात आले.

येथेच समीकरणाची मर्यादा दिसते. आंदोलन विझते, तडा विझत नाही. तडा पडला की परतीची ओढ क्षीण होते; समीकरणातील स्थिरांक स्थिर राहत नाहीत. म्हणून लहान धक्क्यांची मालिका क्षुल्लक मानू नये. दोन धक्क्यांमध्ये घर शांत होते, परंतु पूर्वीइतके मजबूत असेलच असे नाही.

आपल्या भागातील कारवीच्या कुडाचे घर हलके. वस्तुमान कमी, म्हणून त्यावरील जडत्वाचे बलही कमी. जड दगडविटांच्या भिंतींना मात्र दारे-खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी सलग बांधणारा पट्टा हवा. प्रत्येक धक्क्यानंतर भिंतींचे कोपरे पाहावेत आणि तडा केवळ गिलाव्याने झाकू नये.

पुढचा आवेग केव्हा येईल, हे गणित सांगत नाही. तो येण्यापूर्वी कोठे पाहावे, एवढे ते निश्चित सांगते. ते ज्ञान ग्रंथालयाच्या कपाटातून घराच्या भिंतीपर्यंत पोहोचावे, हीच शताब्दीच्या निमित्ताने सदिच्छा.