साचा एक, मोदक अनेक



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी चाळिशीनंतर मी संगणकाची पायथॉन भाषा शिकू लागले. मुंबईच्या आय.आय.टी.चे ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतूनही आहेत, त्यांचा आधार झाला.

‘क्लास’ म्हणजे साचा आणि ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे त्यातून निघालेला मोदक. नॉर्वेतील दोघा विद्वानांनी १९६७ साली ‘सिम्युला’ भाषेत ही कल्पना मांडली.

आपला भाईंदरचा बचत गटच घ्या. ‘सभासद’ हा साचा; प्रत्येकीचे नाव व शिल्लक निराळी. पैसे भरणे व काढणे या कृती साच्यातच लिहायच्या. शिलकीचा आकडा परस्पर बदलायचा नाही, या कृतींतूनच बदलायचा, ही शिस्त. शिलकीहून जास्त मागितले, तर नकार देण्याची अटही तिथेच घालायची. ‘कर्जदार’ हा साचा करताना सभासदाचे सारे गुण वारशाने येतात. कर्जाचे तेवढे नव्याने लिहायचे. पायथॉनच्या २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावे देवनागरीतही देता येतात.

आज आपला हिशेब दुसरे लिहितात, आपण सही करतो. तो कसा चालतो हे कळले, की विचारण्याचे धैर्य येते. तेव्हा वही घेऊन या, मिळून शिकू.